स्क्रिप्ट "चालते" म्हणजे नक्की काय होतं?



बॅकअपची स्क्रिप्ट, सीएसव्ही फाइलवरून थकबाकी काढणारी स्क्रिप्ट, ग्राहकांना बिलं मेल करणारी स्क्रिप्ट. चार-पाच माणसांच्या धंद्यातही अशा दोन-तीन फाइली रोज रात्री गुपचूप चालत असतात. कुणा ओळखीच्या मुलाने लिहून दिलेल्या असतात आणि तो मुलगा आता दुसरीकडे नोकरीला लागलेला असतो. तुम्ही विचारता, "चालते ना?" उत्तर येतं, "हो, चालते."

माझं स्पष्ट मत आहे, या उत्तरावर पैसे देऊ नका. स्क्रिप्टसोबत तिची आपोआप चालणारी चाचणी मागा आणि ती हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता थांबवा.

कडक वाटतंय? मग गिटलॅबचं उदाहरण बघा. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसचं फोल्डर चुकून उडालं. माणूस आहे, होतं असं. खरा धक्का पुढे होता. रोजचा बॅकअप घेताना पीजी_डंपची ९.२ आवृत्ती चालत होती आणि डेटाबेस होता ९.६. त्यामुळे बॅकअप होतच नव्हता, साठवणीची जागा रिकामी. बिघाड कळवणारे ई-मेलही निघत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली, साधारण सहा तास जुनी प्रत सापडली म्हणून निभावलं. मधल्या तासांचा डेटा गेला तो गेलाच.

यात सुटा प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक होता. पीजी_डंप ठीक, क्रॉन ठीक, मेलची व्यवस्थाही ठीक. गोची सांध्यांत होती. म्हणून तुकड्यातुकड्याने तपासून भागत नाही. अख्खी स्क्रिप्ट बाहेरून, जशी रात्री चालते तशी चालवून शेवटी हातात काय आलं ते बघावं लागतं. इंटिग्रेशन टेस्ट म्हणतात ती हीच.

आपल्याकडे नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. स्क्रिप्टमध्ये डेटाबेसचा डंप पाईपने जीझिपला दिलेला असतो. डंप फसला तरी जीझिप आपलं काम चोख करतो आणि बॅश डीफॉल्टने पाईपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड धरतो. म्हणजे शून्य. म्हणजे "यशस्वी". फोल्डरमध्ये आजच्या तारखेची फाइल दिसते, पण आकार २० बाइट! काहीच नसलेलं जीझिप केलं की एवढंच उरतं. पाईपफेल पर्याय लावला तर हा घोळ पकडला जातो, पण तो लावलाय की नाही हे तुम्हाला कोण सांगणार? चाचणीच सांगणार.

ही चाचणी म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. एक तात्पुरतं फोल्डर बनवायचं, त्यात नमुन्याची पाच बिलं टाकायची, स्क्रिप्ट चालवायची. एक्झिट कोड बघायचा आणि आलेली फाइल आधी तपासून ठेवलेल्या बरोबर उत्तराशी डिफने ताडायची. बॅकअप असेल तर तो रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरून नोंदी मोजायच्या, त्याशिवाय त्याला बॅकअप म्हणूच नका. बॅशसाठी बॅट्स नावाचं फुकट साधन आहे, पण साध्या पंधरा-वीस ओळींतही बरंच भागतं. मेल खरोखर जाऊ नये म्हणून त्याच नावाची खोटी कमांड तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ते फोल्डर पाथमध्ये सगळ्यात पुढे लावायचं. खोटी कमांड मेल न पाठवता मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवते. (स्क्रिप्टमध्ये कमांडचा पूर्ण पत्ता ठोकून लिहिला असेल, तर ही युक्ती चालत नाही. तो आधी बदलून घ्या.)

नमुने मात्र वाकडे घ्या. नावात स्पेस असलेली फाइल, देवनागरी नाव, रिकामी फाइल, एकाच दिवशी दोनदा चालवणं, ३१ मार्च आणि १ एप्रिल. हाताने चालणारी स्क्रिप्ट रात्री का बंद पडते, याचं कारण बऱ्याचदा क्रॉनचा तुटपुंजा पाथ असतो, म्हणून चाचणीही तशाच मोकळ्या वातावरणात चालवा. आणि एकदा मुद्दाम स्क्रिप्टमधली एक ओळ बिघडवा. तरीही चाचणी पास झाली तर ती चाचणीच कुचकामी आहे, परत पाठवा.

"आमचा एवढा मोठा धंदा कुठे?" असं बरेच जण म्हणतात. मोठ्या कंपनीत एक गेला तर दुसरा कोड वाचणारा असतो. तुमच्याकडे कोण आहे? लिहिणारा फोन उचलत नाही तेव्हा त्याने पाचही बिलांचं उत्तर काय यायला हवं असं ठरवलं होतं, ते निदान चाचणीत लिहिलेलं सापडतं.

पुढच्या व्हिडिओत खोट्या मेल कमांडची युक्ती स्क्रीनवर करून दाखवतो. तोवर एक काम करा, तुमच्या बॅकअप फोल्डरमधल्या कालच्या फाइलचा आकार बघा आणि कमेंटमध्ये टाका.