भरतीची वीज आणि आपल्या खाड्या

वर्सोव्याच्या खाडीत पाणी कधी चढणार, हे कोळी तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती. इतकं भरवशाचं वेळापत्रक वाऱ्यालाही नाही, म्हणून भरतीपासून वीज ही कल्पना मला मोलाची वाटते. पण बांधाआड पाणी कोंडून टर्बाइन फिरवायचं, तर ऊर्जा भरती-ओहोटीतल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. मुंबईत उधाणालाही हा फरक पाचेक मीटर. खंभातच्या आखातात तो अकरापर्यंत जातो, म्हणजे तेवढ्याच तळ्यातून चौपटीहून जास्त वीज. फ्रान्समधलं रान्स नदीच्या मुखावरचं २४० मेगावॉटचं केंद्र १९६६ पासून चालू आहे. आपल्याकडे प्रयोग व्हावा तो खंभातला. मालाड किंवा मनोरीच्या खाडीला बांध घालू नये. तिवरांची चिखलातून बोटभर वर आलेली श्वासमुळं दोन वेळच्या ओहोटीत उघडी पडतात, तेव्हाच झाडाला हवा मिळते. भांडुप-मुलुंडकडे ठाणे खाडीतले रोहितही अशाच चिखलावर जगतात. शिवाय उपनगरांत भरती वीज खाते: मुसळधार पावसात उधाण आलं की नाल्याचं पाणी आपसूक समुद्रात जात नाही, इर्ल्याच्या उदंचन केंद्रातले पंप ते बाहेर ढकलतात. भरतीचे ते दोन-तीन तास पाऊस थोपवून धरणारे साठवण तलाव अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत मोकळ्या जागांवर आधी बांधा. ओहोटी लागली की ते फुकट रिकामे होतील.