कवच नेमकं कुणाच्या अंगावर?

मराठवाड्याला काही आधी मिळालं, असं फार क्वचित होतं. ‘कवच’ हा त्यातला अपवाद. बाकी देश वाट बघत असताना दक्षिण मध्य रेल्वेने १,४६५ किलोमीटरवर ही यंत्रणा बसवली. त्यात आपला मनमाड-मुदखेड मार्गही आला आणि परभणी-बीदरचे २४१ किलोमीटरही.

मग भांडण कशाचं? या किलोमीटरचंच.

लोको पायलटने लाल सिग्नल ओलांडायला घेतला, तर कवच आपणहून ब्रेक लावतं. पण त्यासाठी रुळांमधले आरएफआयडी टॅग, स्टेशनातली यंत्रणा, रेडिओ टॉवर आणि इंजिनातला संगणक हे सगळं लागतं. इंजिनात तो संगणक नसेल, तर रुळांवरच्या टॅगचा त्या गाडीला काडीचा उपयोग नाही. २०२४ मध्ये सरकारने संसदेत हिशेब दिला तेव्हा कवच बसवलेली इंजिनं होती १४४, तीही लोकलसारखे रेक धरून. देशात इंजिनं दहा हजारांच्या वर! नंतर दहा हजार इंजिनांचं काम हाती घेतलंय, हे मान्य. पण आज रात्री तुमच्या देवगिरीला लागलेलं इंजिन त्यातलं आहे का?

कवचला एसआयएल-४ हा सर्वात वरचा सुरक्षा दर्जा आहे. म्हणजे धोकादायक बिघाड दहा कोटी तासांत एकापेक्षाही कमी. त्या प्रमाणपत्राबद्दल माझी तक्रार नाही. ते उपकरणाला दिलंय. तुमच्या गाडीत ते उपकरण आहे की नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं.

‘सांगितलं तर लोक घाबरतील,’ म्हणे. २ जून २०२३ ला बालासोरला २९० हून जास्त माणसं गेली. त्या मार्गावर कवच नव्हतं. असतं तरी उपयोग नव्हता, असं रेल्वेचंच म्हणणं, कारण दोष सिग्नलच्या वायरिंगमध्ये होता. मग कवच काय थांबवत नाही, हेही सांगा की.

रेल्वे सुरक्षा आयुक्त मुद्दाम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेत, रेल्वेने स्वतःच स्वतःला पास करू नये म्हणून. कवच किती गाड्यांत चालू होतं, किती वेळा बंद पडलं, याचा दरमहा हिशेब त्यांनीच जाहीर करावा.

आणि ॲपमध्ये डबा कुठे लागेल हे दिसतं, तिथेच एक ओळ हवी: ‘परभणी ते मनमाड, कवच चालू.’ मनमाडच्या पुढे मुंबईपर्यंत काय, ते दुसऱ्या ओळीत.