दोन सीटची थंडरबर्ड फोर्डने तीनच वर्षांत का बंद केली?

अमेरिकेत आज फोर्डच्या शोरूममध्ये गेलात तर पिकअप दिसतील, एसयूव्ही दिसतील, व्हॅन दिसतील. साध्या भाषेत आपण जिला 'कार' म्हणतो ती मात्र एकच, मस्टँग. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत सेडान आणि हॅचबॅक टप्प्याटप्प्याने बंद होणार. २०२० मध्ये फ्यूजन गेली आणि सेडान संपल्या.

तेव्हापासून गाडीवेड्यांच्या ग्रुपवर एक तक्रार कायम असते. हिशेबवाले साहेब आले आणि चांगल्या गाड्या गेल्या, अशी. फोर्डबद्दल ही तक्रार नवी नाही. १९५८ मध्येही ती झाली होती, आणि तेव्हा विषय होता थंडरबर्डचा. (आपल्याकडे थंडरबर्ड म्हटलं की रॉयल एनफिल्डची बाईक आठवते. नावापलीकडे या दोघांचा संबंध नाही.)

त्या वेळी जे घडलं ते नीट पाहिलं, तर आज गाड्या एवढ्या महाग का झाल्यात याचा एक धागा हाती लागतो.

कॉर्व्हेटला उत्तर द्यायचं होतं

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक युरोपातून परतले ते छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची चटक लावून घेऊन. १९५३ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हर्ले कॉर्व्हेट आणली. फायबरग्लासची बॉडी, दोन सीट, दिसायला देखणी. पण इंजिन सहा सिलिंडरचं, गिअरबॉक्स दोन गिअरचा ऑटोमॅटिक आणि दारांना वर-खाली होणाऱ्या काचाच नाहीत. पाऊस आला की प्लास्टिकचे पडदे लावायचे! पहिल्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या बनल्या.

फोर्डला उत्तर द्यायचंच होतं. फेब्रुवारी १९५४ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात थंडरबर्ड लोकांसमोर आली आणि ऑक्टोबरमध्ये १९५५ चं मॉडेल म्हणून विक्री सुरू झाली. नावासाठी कंपनीत स्पर्धा ठेवली होती. आलेल्या नावांत 'बीव्हर' आणि 'हेप कॅट' हेही होतं, त्यामुळे थोडक्यात वाचले म्हणायचं. 'थंडरबर्ड' हा मूळ अमेरिकन जमातींच्या कथांमधला गडगडाट आणणारा पक्षी. हे नाव सुचवणाऱ्या डिझायनरला बक्षीस म्हणून सूट मिळाला.

खरी चलाखी नावात नव्हती. कॉर्व्हेटसारखीच दोन सीटची गाडी करूनही फोर्डने तिला स्पोर्ट्स कार म्हटलंच नाही. जाहिरातीत शब्द वापरला 'पर्सनल' कार. म्हणजे शर्यतीसाठी नाही, कुटुंबासाठीही नाही. स्वतःसाठी. आत ४.८ लिटरचं व्ही-८ इंजिन, दारांना खऱ्या काचा, काढता येणारं फायबरग्लासचं छत, जास्त पैसे मोजले तर पॉवर स्टिअरिंग आणि बटणावर चालणाऱ्या काचाही. बरेच सुटे भाग फोर्डच्या साध्या गाड्यांमधलेच होते, त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला.

किंमत २९४४ डॉलरपासून पुढे. त्या वर्षी फोर्डची सगळ्यात साधी गाडी १६०० डॉलरच्या आसपास मिळत होती. म्हणजे जवळपास दुप्पट पैसे, आणि बसणार दोघंच. तरी पहिल्या वर्षी १६,१५५ गाड्या खपल्या. त्याच वर्षी कॉर्व्हेटचा आकडा होता ७००.

डिकीची भानगड

लोकांनी गाडी घेतली आणि मग वापरायला सुरुवात केली. प्रश्न तिथे आला. दोघांचं सामान ठेवायलासुद्धा डिकी पुरत नव्हती. म्हणून १९५६ मध्ये स्टेपनी डिकीतून काढून मागे बाहेर टांगली. दिसायला रुबाबदार, पण मागे इतकं वजन लटकल्यावर गाडी चालवताना ते जाणवायचं. छत लावलं की बाजूचं दिसत नाही, ही दुसरी तक्रार. त्यावर छताला जहाजासारख्या गोल खिडक्या आल्या. आज या गाडीचा फोटो पाहिला की नजर जिथे जाते, ती 'स्टाईल' मुळात अशी डागडुजीतून आलेली आहे.

१९५७ मध्ये मागचा भाग लांबवला, स्टेपनी परत आत गेली. पुढचं मॉडेल उशिरा येणार असल्याने या वर्षीचं उत्पादनही लांबलं आणि आकडा २१,३८० वर गेला. तीन वर्षांचे मिळून ५३ हजार. कौतुक अफाट, पण फोर्डसारख्या कंपनीच्या मानाने ही किरकोळ विक्री.

मॅक्नामारांची वही

१९५५ च्या सुरुवातीला फोर्ड डिव्हिजनची सूत्रं रॉबर्ट मॅक्नामारा यांच्याकडे आली. होय, तेच. पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री झालेले आणि व्हिएतनाम युद्धाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते. युद्धकाळात लष्करी विमानदलासाठी आकडेमोड करणाऱ्या गटातून ते फोर्डमध्ये आले होते. गाडीवर प्रेम करणं हा त्यांचा प्रांत नव्हता.

त्यांचा प्रश्न सरळ होता. एवढी चर्चा होणारी गाडी आपण इतक्या थोड्या लोकांना का विकतोय? उत्तर होतं, मागची सीट नाही म्हणून. दोन सीटची थंडरबर्ड रस्त्यावर असतानाच चार सीटच्या गाडीचं काम सुरू झालं.

१९५८ ची थंडरबर्ड लांब, जड आणि चौकोनी होती. दोन चाकांच्या जोड्यांमधलं अंतर १०२ इंचांवरून ११३ इंचांवर गेलं. किंमतही वाढून ३६०० डॉलरच्या पुढे. जुने चाहते चिडले. वर ते वर्ष मंदीचं, अमेरिकेतलं गाड्यांचं उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी पडलं. फोर्डनेच मोठा गाजावाजा करून आणलेली एड्सल याच काळात आपटली.

थंडरबर्ड मात्र चालली. १९५८ मध्ये जवळपास ३८ हजार, १९५९ मध्ये ६७ हजार, १९६० मध्ये ९० हजारांच्या वर. त्या एका वर्षातच दोन सीटच्या तिन्ही वर्षांपेक्षा जास्त गाड्या गेल्या. बाकीच्या कंपन्यांनी काय ते ओळखलं. १९६३ ची ब्यूक रिव्हिएरा, १९७० ची शेव्हर्ले मोंटे कार्लो, सगळा 'पर्सनल लक्झरी' हा प्रकार याच वाटेने आला.

माझ्या मते दोन सीटची पहिली गाडी जास्त सुंदर होती. पण विक्रीचा निर्णय मॅक्नामारांचाच बरोबर ठरला, हे नाकारता येत नाही. मस्टँगचं बघा. लोक दोन सीटची थंडरबर्ड परत मागत होते, तरी १९६४ मध्ये फोर्डने मस्टँग आणली ती मागच्या सीटसकट.

गोष्टीचा अर्धा भाग

इथपर्यंतची गोष्ट बरेच जण सांगतात आणि म्हणतात, बघा, तेव्हापासूनच मोठी आणि महाग गाडी विकण्याचा नाद लागला. पण मॅक्नामारांच्या वहीत दुसरंही पान होतं. थंडरबर्ड फुगत असतानाच त्यांनी फाल्कन नावाच्या छोट्या, स्वस्त, कसलाही डामडौल नसलेल्या गाडीचा आग्रह धरला. १९६० च्या मॉडेलची पहिल्याच वर्षी चार लाखांहून जास्त विक्री झाली. आणि मस्टँग जिच्या पायावर उभी राहिली ती हीच फाल्कन. म्हणजे एका हाताने श्रीमंत गिऱ्हाईक धरलं, पण दुसऱ्या हाताने साध्या माणसासाठी दार उघडं ठेवलं.

२०१८ च्या निर्णयात पहिला हात दिसतो, दुसरा शोधावा लागतो. पिकअप आणि मोठ्या एसयूव्हीत नफा जास्त, म्हणून छोट्या सेडान गेल्या. मॅव्हरिक हा छोटा पिकअप काही काळ फाल्कनची जागा घेईल असं वाटलं होतं. २०२१ मध्ये तो २० हजार डॉलरच्या आत जाहीर झाला, आता त्याची सुरुवातच २७ हजारांच्या पुढे आहे. अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ५० हजार डॉलरवर गेली. एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर लागलेला २५ टक्के कर पुढे काही देशांसाठी कमी झाला, तरी बाहेरून येणाऱ्या छोट्या गाड्यांना त्याचा फटका बसलाच.

थंडरबर्डचं पुढे काय झालं? १९६७ मध्ये तिला चार दारं आली, सत्तरच्या दशकात ती अवाढव्य झाली, १९९७ मध्ये बंद पडली. २००२ च्या मॉडेलपासून फोर्डने जुन्या रूपाची दोन सीटची थंडरबर्ड पुन्हा आणली. लोकांनी डोक्यावर घेतली, विकत फार कमी जणांनी घेतली. २००५ नंतर तीही संपली.

ऑगस्ट २०२५ मध्ये फोर्डने सुमारे ३० हजार डॉलरचा, चार दारांचा इलेक्ट्रिक पिकअप २०२७ मध्ये आणण्याचं जाहीर केलं आहे. कंपनी त्याची तुलना थेट मॉडेल टी शी करते. तो खरंच त्या किमतीत शोरूमला लागतो का, की मॅव्हरिकसारखाच दोन-तीन वर्षांत वर सरकतो, यावर फोर्डला नवी फाल्कन सापडली की नाही ते ठरेल.