पानावर अधिकार कोणाचा ?

सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं एक विलाप वारंवार ऐकूं येतो : मराठी वाचन बुडालें, मुलांचें चित्त चार ओळींपलीकडे टिकत नाहीं, आणि या सर्वांस संगणकाचा व मोबाइलचा पडदा जबाबदार आहे. आमच्या वर्तकनगरांतहि तो आम्ही ऐकतों. आमच्या मतें बिचाऱ्या पडद्यास व्यर्थ बोल लागतो. खरा दोष त्यावर मांडलेल्या पसाऱ्याचा, आणि तो पसारा निमूटपणें सोसणाऱ्या वाचकाचा आहे.

एखादें मराठी वृत्तपत्र ब्राउझरमध्यें उघडून पाहावें. दोन परिच्छेदांच्या मध्यें जाहिरात, कडेला आपोआप बोलूं लागणारें चलच्चित्र, वरून सूचना पाठविण्याची परवानगी मागणारी चौकट ! छापील पत्रांतहि जाहिरात असतेच; पण ती आपल्या रकान्यांत राहते, वाचकाच्या ओळीवर येऊन बसत नाहीं.

त्यांत देवनागरीची अडचण विशेष. वेलांटी, मात्रा, अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर, उकार पायाशीं. रोमन लिपीच्या मापानें ओळी जवळ बसविल्या कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीस भिडतो. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनीं व राणोजी रावजी आरूंनीं एकोणिसाव्या शतकांत देवनागरी खिळ्यांच्या सुबकतेसाठीं जीव ओतला. त्यांच्या वंशजांस ही गर्दी खपावी काय? वृद्ध वाचक तर आपलीच दृष्टि अधू झाली असें समजून वाचन सोडतो.

उपाय हाताशीं आहे. सफारींत २०१० पासून व संगणकावरील फायरफॉक्समध्यें २०१५ पासून वाचनाचें निराळें दृश्य आहे. एक कळ दाबतांच बाजार उठतो आणि लेख तेवढा उरतो. क्रोमहि २०२३ पासून मजकूर बाजूच्या चौकटींत काढून देतो. तेथें अक्षर मोठें करावें, ओळींतील अंतर वाढवावें. फायरफॉक्समध्यें देवनागरीपुरता फाँटहि वेगळा ठरवितां येतो. सूचनांस कायमची बंदी करावी.

कोणी म्हणेल, जाहिरातींवर पत्र जगतें; त्या झांकणें ही चोरी नव्हे काय ? नव्हे. हें दृश्य बहुधा पान उघडल्यावरच मिळतें; जाहिरात तोंवर हजेरी लावून गेलेली असते. शिवाय आवडत्या पत्राची वर्गणी भरावी. फुकट्यांची वकिली आम्ही करीत नाहीं. दुसरा म्हणेल, हीं तंत्रज्ञांचीं कामें. मोबाइलवर वीजबिल भरणाऱ्या गृहस्थानें तरी हें म्हणूं नये.

आमच्याच ठाण्यांत १८९३ सालीं विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींनीं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. तेव्हां वाण पुस्तकांची होती. आज मजकूर मुबलक, वाण निवांतपणाची. त्या पिढीनें ग्रंथालय उभारलें. आमच्या वांट्यास पांच मिनिटांचें काम आलें आहे. तेवढेंहि ज्यास होत नाहीं, त्यानें मराठी वाचनाच्या नांवें अश्रु ढाळूं नयेत.