नादाचा हिशेब

आसनगावची लोकल गाठणाऱ्या शहापूरकराला अन् एसटीच्या भरवशावरच्या मुरबाडकराला वेळेची किंमत सांगावी लागत नाही. महागडं मनगटी घड्याळ म्हटलं की मात्र आपल्याला स्वित्झर्लंडच आठवतं. पण आपल्याच देशातले उद्योजक गौरव मेहता यांना जुन्या नाण्यांचा आणि घड्याळांचा नाद. २०१३ मध्ये त्यांनी जयपूर वॉच कंपनी काढली आणि ब्रिटिश अमदानीतली खरी नाणी थेट तबकडीत बसवली. काटे नाण्यावरून फिरतात, खाली जुना ठसा स्वच्छ दिसतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या कल्पनेचे, आणि त्यात गैर काहीच नाही. असाच नाद असलेली, म्हसा यात्रेत नुसत्या नजरेनं बैल पारखणारी पोरं आपल्याकडेही आहेत. ‘आधी नोकरी बघ’ म्हणण्यापूर्वी त्यांना आपल्या नादाचा हिशेब कागदावर मांडू द्या, ही पालकांना कळकळीची विनंती.