साखर मोजली, चरबी कोण मोजणार?

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला गावोगावी आपले डॉक्टर व कार्यकर्ते आरोग्य शिबिरे लावतात. बोटाला सुई टोचून साखर पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो. हे काम मोलाचे आहे, यात वाद नाही. परंतु साखरेचा आकडा बरा आला की माणूस निर्धास्त होऊन घरी जातो आणि इथेच घात होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मधुमेहींच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपण जाणतो. वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या काळी रक्तातील चरबी कमी करणारी स्टॅटिनची गोळीच नव्हती. ती बाजारात आली १९८७ साली. आज ती आहे, जेनेरिकमध्ये स्वस्तही आहे. मग आपण का गाफील राहावे?

मुळात मधुमेह हा केवळ साखरेचा रोग नव्हे. शरीरातील साठलेल्या चरबीवर इन्सुलिनचा लगाम असतो. टाईप टू मधुमेहात हा लगाम सैल पडतो, चरबी सुटून यकृताकडे धावते आणि यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपाने पुन्हा रक्तात सोडते. चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घटते. वाईट एलडीएलचा आकडा मात्र पुष्कळदा साधाच दिसतो, कारण त्याचे कण लहान व घट्ट झालेले असतात आणि संख्येने वाढलेले असतात. म्हणून नुसते एलडीएल पाहून भागत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून जे उरते, तेही डॉक्टरांना विचारावे. ही वजाबाकी चौथीतला पोरगाही करील!

दुसरा मार खुद्द हृदयाच्या स्नायूवर बसतो. मधुमेह्याचे हृदय साखर सोडून चरबीच अधिक जाळू लागते, त्याला प्राणवायू जास्त लागतो, स्नायू ताठर होतो. ते आकुंचन नीट पावते, पण सैल पडून रक्त भरून घेणे त्याला जमत नाही. पंपिंग नॉर्मल असा रिपोर्ट हातात असतो आणि जिना चढताना दम लागतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीने १९७४ सालीच दाखवले होते की, मधुमेही पुरुषांत हृदय निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या दुप्पट, तर मधुमेही स्त्रियांत पाचपट आहे. पाचपट! आणि आपल्या घरात आईला धाप लागली तर आपण काय म्हणतो? वय झाले, थकवा आहे. मधुमेहात नसा बधिर झाल्याने झटका येऊनही छातीत कळ येत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२००४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील २,८३८ मधुमेहींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना आधी हृदयविकार नव्हता, एलडीएलही फार वाढलेले नव्हते. तरीही ॲटोर्व्हास्टॅटिनच्या रोजच्या १० मिलिग्रॅमने झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. स्टॅटिनने साखर किंचित वाढते म्हणून गोळी परस्पर बंद करणारे बहाद्दर आपल्यात कमी नाहीत. फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात आले. त्यांत सफाई कामगार आहेत, नाका कामगार आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनी आहेत. त्यांच्यासाठी पालिकेच्या दवाखान्यात चरबीची तपासणी आणि दम लागणाऱ्याचा टू-डी इको मोफत झालाच पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी लेखी द्यावी. उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळी रांगेत उभे राहिले की कंत्राटी कामगाराची हजेरी बुडते. वास्तविक पहिल्या तपासणीला उपाशी राहण्याची बहुधा गरज नसते. ट्रायग्लिसराइड फारच वाढलेले निघाले तरच पुन्हा उपाशीपोटी बोलवावे लागते. तेव्हा रक्त घेण्याची वेळ संध्याकाळचीही ठेवा, हेही त्याच निवेदनात लिहावे.