विश्लेषण : हौसेखातर जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का? हिशेब नेमका कुठे चुकतो?

नवी असताना ६० लाखांची असलेली दोन दरवाजांची कार दहा वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत मिळते. त्याच पैशांत नवी एसयूव्ही येते, त्यामुळे अनेक तिशी-पस्तिशीतील नोकरदारांचे मन वापरलेल्या गाड्यांच्या ॲपवर या फोटोंपाशी अडते. पण कारची किंमत उतरते तसा तिचा खर्च उतरतो का? आणि रविवारच्या एका फेरीसाठी नेमके किती रुपये मोजावे लागतात?

किंमत इतकी का पडते?

ऑडी टीटीचे उदाहरण घेऊ. या कारची तिसरी पिढी २०१५ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत ६० लाखांच्या आसपास होती. २३० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद आणि शून्य ते १०० किमीचा वेग साडेपाच सेकंदांच्या आत. नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतील ग्योर येथे शेवटची टीटी तयार झाली आणि हे मॉडेल बंद झाले.

अशा कार पूर्ण तयार स्वरूपात आयात होतात. त्यांच्या किमतीत मोठा वाटा सीमाशुल्क, इतर कर आणि आरटीओच्या एकरकमी कराचा असतो. हे पैसे पहिल्या मालकाने भरलेले असतात आणि विकताना ते परत येत नाहीत. शिवाय दोन आसनांची, जमिनीला टेकलेली कार घरातली एकमेव कार म्हणून कोणी घेत नाही. गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही कमी. खरेदीदाराच्या दृष्टीने हा खरा फायदा आहे. सर्वात मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो.

मग खर्च का पडत नाही?

कारण सुट्या भागांना कारचे वय कळत नाही. २५ लाखांना घेतलेल्या कारचा हेडलाइट, सस्पेन्शन किंवा गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट ६० लाखांच्या कारच्याच भावाने मिळतो. तो भाग परदेशातून मागवावा लागला तर कार आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, एवढाच काय तो दिलासा.

यातच जाहिरातीतील ‘फक्त १५ हजार किमी चाललेली’ हे वाक्य फसवे ठरू शकते. दहा वर्षांत इतकीच चाललेली कार बराच काळ उभी होती, असा त्याचा अर्थ. उभ्या कारचे टायर कडक होतात, रबरी बुश आणि सील सुकतात, बॅटरी जाते, जुने ब्रेक ऑइल ओलावा धरते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी असा टायर वेगात भरवशाचा राहत नाही.

पाऊस, खड्डे आणि पेट्रोल

या कारची जमिनीपासूनची उंची कमी असते. सोसायटीच्या पार्किंगचा उतार आणि बेढब गतिरोधक पुढच्या बंपरला घासतात. कमी जाडीच्या टायरमुळे एका खड्ड्यात टायर फुगतो, अलॉय वाकतो. मुंबई-पुण्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने कार बहुतेक झाकूनच ठेवावी लागते.

दुसरा मुद्दा इंधनाचा. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या अनेक कार त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. अशा कारमध्ये मायलेज काहीसे घटते आणि काही रबरी भाग व गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या कारच्या टाकीत हे इंधन पडून राहणे चांगले नाही. घेण्यापूर्वी इंधनाच्या झाकणाआत लिहिलेली मर्यादा वाचावी. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मोजक्याच पंपांवर मिळते आणि ते बरेच महाग पडते.

परराज्यातील कार स्वस्त का असते?

दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल आणि १५ वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवर निर्बंध आले. हरित लवादाच्या आदेशांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्यानंतर तिथल्या जुन्या महागड्या कार इतर राज्यांत येऊ लागल्या. काही कारची नोंदणी कमी कर असलेल्या राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत केलेली असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. म्हणजे मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर. वैयक्तिक पेट्रोल कारसाठी राज्यात किमतीनुसार ११ ते १३ टक्के, तर आयात कारसाठी २० टक्के कर आहे. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली. जुन्या कारला वयानुसार सूट मिळते, तरी रक्कम काही लाखांत जाऊ शकते. स्वस्त वाटलेली कार अनेकदा इथेच महाग होते. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवून भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून अनेक महागडी वाहने जप्त केली. अशा प्रकरणात कार सध्या ज्याच्या दारात उभी आहे, त्याच्याकडूनच ती जाते.

कार १५ वर्षांची होत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्चही धरावा. २०२२ पासून साध्या कारसाठी हे शुल्क ५ हजार, तर आयात कारसाठी ४० हजार रुपये आहे. २० वर्षांपुढील कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते अनुक्रमे १० हजार आणि ८० हजार करण्यात आले.

कागद नावावर होण्याआधी कार चालवली तर?

विक्रेत्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन कार चालवत राहण्याची पद्धत आजही दिसते. नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला. त्यामुळे अपघाताची भरपाई विकणाऱ्याच्या गळ्यात पडू शकते. घेणाऱ्याचीही सुटका नाही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेतला नाही, तर स्वतःच्या कारच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो.

पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी पोर्शे कारच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्याने त्या कारची कायमची नोंदणी झालेली नव्हती, हे तपासात पुढे आले. घरात अल्पवयीन मुले असतील तर किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्नही खरेदीच्या निर्णयाचाच भाग आहे. कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

विम्यात काय बसत नाही?

पाच वर्षांहून जुन्या कारचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या सहमतीने ठरते. झीरो डेप्रिसिएशन नसेल तर रबर, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कपात होते, आणि जुन्या कारला ही सोय सहसा मिळत नाही. तुंबलेल्या पाण्यात इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान वेगळे इंजिन संरक्षण घेतल्याशिवाय मिळत नाही. शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत झालेला अपघात नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही.

ती चालवायची कुठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १०० किमी, घाटात त्याहून कमी. समृद्धी महामार्गावर १२०. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर ८०, बोगद्यात ६०. टीटीसारखी कार शंभरी गाठायला साडेपाच सेकंदही घेत नाही. त्यापुढे कायद्यात बसणारी गंमत उरते ती वळणांची, स्टिअरिंगची आणि आवाजाची. सायलेन्सर बदलून तो आवाज वाढवणे कलम ५२ मुळे अडचणीत आणू शकते. रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खाली गुन्हा आहे. मोकळेपणाने वेग अनुभवायचा तर ट्रॅक हवा, आणि देशातील परिचित ट्रॅक चेन्नई, कोइम्बतूर आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. महाराष्ट्रातून तिथे जाणे हा वेगळा खर्च.

एका फेरीचा हिशेब

समजा, कार २५ लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी १५ लाखांना विकली. हे सारे आकडे गृहीत आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत.

घसारा : वर्षाला २ लाख
२५ लाखांवरील ७ टक्के दराने बुडालेले व्याज : १.७५ लाख
देखभाल, दुरुस्ती : १.५ लाख
विमा : ७५ हजार
टायर (१.२ लाखांचा संच, चार वर्षे) : ३० हजार
पेट्रोल (३ हजार किमी, लिटरला ७ किमी, १०५ रुपये दर) : ४५ हजार

एकूण वर्षाला ६.७५ लाख रुपये. वर्षात ४० फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरी सुमारे १७ हजारांची, प्रत्येक किलोमीटर २२५ रुपयांचा. फेऱ्या २० वर आल्या तर पेट्रोल थोडे वाचते, पण एका फेरीचा खर्च ३२ हजारांच्या पुढे जातो. या यादीत पेट्रोल हा सर्वात लहान खर्चांपैकी एक आहे. म्हणजे कार न वापरल्याने फारसे काही वाचत नाही. ती उभी असतानाच बहुतेक पैसे जातात.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

परिवहनच्या संकेतस्थळावर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि थकीत ई-चलन दिसते. चॅसिस क्रमांक आरसीशी जुळवून पाहावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचे डाग आहेत का ते बघावे. पुरात बुडालेली कार अशीच ओळखू येते. स्कॅनर लावून एरर कोड वाचावेत आणि सर्व्हिसच्या बिलांवरील किलोमीटर मीटरशी ताडून पाहावेत. तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, स्वतः निवडलेल्या मेकॅनिककडून करावी. त्याचे दहा-पंधरा हजार रुपये वाचवणे पुढे महागात पडते. डीलरकडून १० लाखांपेक्षा महाग कार घेतल्यास १ टक्का टीसीएस लागू शकतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करता येतो.

मग घ्यावी की नाही?

हौसेला परतावा मागू नये, हे खरे. दागिने, परदेशवारी, मोठे लग्न यांचाही हिशेब कोणी प्रतिदिन काढत नाही. पण तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असावीत. कार कर्जाशिवाय घेता येते का? खरेदीनंतर दुरुस्तीसाठी आणखी चार-पाच लाख बाजूला राहतात का? उद्या तिचा गिअरबॉक्स गेला तर घराचा हप्ता, मुलांची फी आणि आई-वडिलांचे औषधपाणी यांना धक्का न लागता ती दुरुस्त करता येते का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर कार २५ लाखांची दिसत असली, तरी ती त्या घरासाठी अजून ६० लाखांचीच आहे. अशा वेळी हलकी, ताकदीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची वापरलेली हॅचबॅक हा चांगला पर्याय ठरतो. तिचे भाग जवळच्या गॅरेजमध्ये मिळतात आणि वरंधा किंवा आंबोली घाटात, कायद्याच्या वेगात, तिची मजा फार कमी नसते.

तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील आणि वर्षातले ४० रविवार खरोखर मोकळे असतील, तर घ्यायला हरकत नाही. मात्र आधी गेल्या वर्षातले किती रविवार मोकळे होते, ते मोजावे.